थर्मामीटर लावून प्यायलेल्या बिअर : न्युरेंबर्गमधल्या अकरा महिन्यांचा अनुभव

आईनं दह्यासाठी दिलेला सुईचा थर्मामीटर मी बिअरच्या ग्लासात बुडवला, तिथून हे सगळं सुरू झालं. कंपनीच्या कामासाठी अकरा महिने जर्मनीतल्या न्युरेंबर्गला होतो. विरजण तिकडे काही जमलं नाही. दोनदा दूध वाया गेलं आणि थर्मामीटर ड्रॉवरमध्ये जाऊन पडला. त्याच सुमारास एका शनिवारी पिल्सनर उर्केल या चेक बिअरची बाटली फ्रीजरमध्ये विसरलो. काढली तेव्हा गोठायच्या बेतात होती. मला उलट आनंदच झाला, कारण पुण्यात आम्ही बिअर मागवतानाच 'एकदम चिल्ड' असं बजावायचो. ओतली, प्यायलो, तर पाण्यासारखी लागली. अर्धा ग्लास तसाच ठेवून कपडे वाळत घालायला गेलो. परत येऊन त्याच ग्लासातून घोट घेतला आणि चमकलो. आधी पावाच्या खरपूस कडेसारखा गोडसर वास, मग जिभेच्या मागच्या बाजूला स्वच्छ कडवटपणा, आणि तो बराच वेळ हलेना. थर्मामीटर घातला : ९ अंश.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही पैसे मोजत होतो ते गारव्याचे.

त्या दिवसापासून वही घातली. परत येईपर्यंत तिच्यात चाळीस नोंदी झाल्या. फक्त शुक्रवार-शनिवार, आणि नोंद पहिल्या ग्लासचीच, कारण दुसऱ्या ग्लासनंतर कुठलीही बिअर चांगलीच लागते. सोबत चकणा नाही, हा नियम पाळणं सगळ्यात जड गेलं. चाळीसच्या चाळीस इथं मांडत बसत नाही. ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे, तेवढ्याच.

पहिला नंबर आधीच सांगून टाकतो : पिल्सनर उर्केल. पण ही बाटलीतली की पिंपातली, आणि कुठं प्यायलेली, यावर बरंच आहे. न्युरेंबर्गहून चेक प्रजासत्ताकातलं प्लझेन फार लांब नाही. एका शनिवारी गेलो आणि रविवारी परत आलो. गावाची गोष्ट मजेदार आहे. १८३८ मध्ये तिथली बिअर इतकी भिकार निघाली, की लोकांनी ३६ पिंपं नगरपालिकेच्या इमारतीसमोर रस्त्यावर ओतून दिली. मग गावकऱ्यांनी मिळून नवा कारखाना काढला आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर बोलावला. त्यानं ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिला घाणा काढला. त्या काळात बिअर बहुतेक काळपट आणि गढूळ असायची, ही निघाली पारदर्शक सोनेरी. आज आपण बिअर म्हटल्यावर डोळ्यासमोर जो रंग आणतो, तो इथला.

सातूला मोड आणून वाळवायचे, म्हणजे त्याचं माल्ट होतं. घरी नाचणीचं सत्त्व करताना बघितलं असेल तर अर्धी बिअर तुम्हाला कळलीच. प्लझेनचं पाणी अगदी हलकं, आणि कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुलं झातेत्स भागातली. त्या भागाला २०२३ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. फुलांच्या शेतीला वारसा म्हणतात हे वाचून मला आपल्या जेजुरीच्या भंडाऱ्याच्या हळदीची आठवण झाली, का ते विचारू नका. खरी गंमत शिजवण्यात आहे. माल्टच्या भरड्याचा काही भाग वेगळ्या भांड्यात काढून उकळतात आणि पुन्हा मोठ्या भांड्यात ओततात, असं तीनदा. वेळखाऊ काम आहे. पावाच्या कडेचा तो खरपूसपणा बराचसा या उकळण्यातून येतो.

कारखान्याखाली दगडात खोदलेली तळघरं आहेत, सगळी मिळून नऊएक किलोमीटर. तिथं ओकच्या लाकडी पिंपातून न गाळलेली बिअर थेट ग्लासात देतात. थर्मामीटर खिशात होता, पण बाहेर काढायची लाज वाटली. चव सांगायची तर बाटलीतल्यापेक्षा जाडसर, किंचित ताकासारखी भरीव, आणि कडवटपणाला धार कमी. अल्कोहोल फक्त ४.४ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

संध्याकाळी गावातल्या एका खानावळीत बसलो. फेस म्हणजे माप मारलं, ही माझी पक्की पुणेरी समजूत. ग्लास आला तर वर तीन बोटं फेस. मी नाक मुरडलं, तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेनं थांबवलं आणि स्वतःचा मागवला. त्यांचा ग्लास जवळजवळ पांढराच. याला ते 'म्लिको' म्हणतात, म्हणजे दूध. जवळपास नुसता ओला, दाट, गोडसर फेस, आणि तो बसायच्या आत एका दमात संपवायचा. माझ्या ओतण्याला 'ह्लादिंका' म्हणतात. फेस दाट असला की खालच्या बिअरला हवा लागत नाही आणि शेवटचा घोटही पहिल्यासारखा लागतो. मी दोन्ही करून बघितलं. आजोबांचं बरोबर होतं. अर्धा लिटर साठ-सत्तर चेक कोरुनात. एवढी चेक अभिमानाची गोष्ट, पण हा कारखाना २०१७ पासून जपानच्या असाही कंपनीच्या मालकीचा आहे. तिथं हा विषय काढू नये, एवढं मला पहिल्याच वाक्यानंतर कळलं.

असाही निघालीच आहे तर तिचंही उरकतो. असाही सुपर ड्राय, १९८७ ची. तांदूळ वापरलेली, कोरडी, घोट संपला की चवही संपते. सुशीबरोबर छान. एकटी प्यायला बसलं तर अर्ध्या ग्लासात माणूस मोबाइल उघडतो. वहीत दोन ओळी आहेत.

चेकमधलीच दुसरी, चेस्के बुडेयोविचे गावची बुडवार. या गावाचं जर्मन नाव बुडवाइस, म्हणून इथली बिअर बुडवाइजर. आपल्या बिअर शॉपीत मिळते ती बुडवाइजर अमेरिकन. अमेरिकेतल्या कंपनीनं हे नाव १८७६ पासून वापरलं, चेक कारखाना १८९५ चा, आणि गाव दोघांपेक्षा कितीतरी जुनं. या नावावरून शंभराहून अधिक वर्षं कज्जे चालू आहेत. जर्मनीत चेक बिअर बुडवाइजर म्हणून मिळते, अमेरिकेत तिलाच वेगळं नाव लावावं लागतं. चवीत दोघींचं काही नातं नाही. बुडवार गोल, मऊ, थोडी मधाळ. पिल्सनरचा कडवटपणा जास्त वाटला तर ही घ्या.

आता राहत्या प्रांताबद्दल. बव्हेरियातली गव्हाची बिअर, हेफेवाइझेन, मी पहिल्यांदा हुंगली आणि मला शिकरण आठवलं. अतिशयोक्ती नाही. पिकलेल्या केळ्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य या बिअरमधलं यीस्ट तयार करतं. वर लवंगेचा वास, तोही यीस्टचाच. शिकरणात कुणीतरी चुकून एक लवंग टाकावी तसं. केळंही नाही आणि लवंगही नाही, कारण तिथं १५१६ चा कायदा प्रसिद्ध आहे : बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी, बस. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. गहूही नाही, तरी गव्हाची बिअर चालूच राहिली, कारण ती काढायचा हक्क राजघराण्यानं स्वतःकडे ठेवला होता. कायदा लोकांना, अपवाद सरकारांना. पुढं १८७२ मध्ये म्युनिकच्या गेओर्ग श्नायडरनं तो हक्क मिळवला. त्या घराण्याची बिअर आजही मिळते आणि माझ्या मते गव्हाच्या बिअरमध्ये तीच सरस, फ्रायझिंगच्या वाइहेनश्टेफानरपेक्षाही. वाइहेनश्टेफानर कारखाना आपली सुरुवात १०४० ची सांगतो. शिवाय तो सरकारी आहे. सरकारी कारखान्यातून इतका चांगला माल निघतो, हे पचायला मला बिअरपेक्षा जास्त वेळ लागला.

ही ओतायची पद्धत आहे. उंच ग्लास आधी थंड पाण्यानं विसळायचा, तिरपा धरून हळू ओतायची, तळाशी दोन बोटं राहिली की बाटली गोल गोल हलवायची आणि तळाचा गाळ फेसावर ओतायचा. पहिल्या वेळी मी गाळ बेसिनमध्ये टाकला. मागच्या बाजूला राहणाऱ्या काकूंनी खिडकीतून पाहिलं असतं, तर बहुतेक बोलणं टाकलं असतं. ८ अंशांच्या आसपास सगळ्यात छान. ४ अंशांवर केळं गायब.

वापराच्या दृष्टीनं एक व्यवहाराची गोष्ट. अर्ध्या लिटरची बाटली दुकानात साधारण एक युरोला पडते, वर ८ सेंट डिपॉझिट. वीस बाटल्यांचा क्रेट घेतला तर क्रेटचं दीड युरो धरून ३ युरो १० सेंट डिपॉझिटचेच. कॅनला मात्र २५ सेंट. दुकानातल्या मशीनमध्ये रिकाम्या बाटल्या सरकवल्या की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दाखवायची. आपल्याकडे रद्दीवाल्याला बाटल्या देताना त्याची नजर चुकवावी लागते. तिथं मात्र माझ्यापुढं रांगेत चर्चमधून आलेल्या आजी दोन पिशव्या बाटल्या घेऊन उभ्या.

बाम्बेर्ग न्युरेंबर्गहून तासाभराच्या आत. तिथली धुराची बिअर, श्लेंकरला. बीच लाकडाच्या जाळावर माल्ट वाळवतात, त्यामुळे धूर दाण्यात शिरतो. जर्मन सहकारी म्हणाला, स्मोक्ड हॅमसारखा वास येतो. मी आयुष्यात हॅम खाल्लेलं नाही, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. वास आल्यावर कळलं : निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, साल काढतानाचं. पहिला घोट विचित्र, दुसरा सहन होतो, तिसऱ्या ग्लासला आवडायला लागते असं तिथले लोक सांगतात. मी दुसऱ्यावर थांबलो आणि तरीही आवडली. घरी भाकरी-भरीत करून तिच्यासोबत एकदा बसलो. चकण्याचा नियम मोडला तो फक्त त्या दिवशी.

बेल्जियमला जाताना कोलोनला एक रात्र काढली. तिथली बिअर क्योल्श. २०० मिलिलिटरच्या अरुंद ग्लासात येते. वेटर विचारत नाही, ग्लास रिकामा दिसला की दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं रेघ मारतो. नको असेल तर चकती ग्लासवर झाकायची. पंगतीत पानावर हात आडवा धरल्याशिवाय न हलणारे आपले वाढपी आठवले. मी चकतीचा नियम वाचला होता, पण ऐन वेळी विसरलो. सात रेघा. त्या रात्रीची नोंद वाचता येत नाही.

बेल्जियममध्ये मात्र नियमांचा बव्हेरियन ताठा नाही. हुगार्डन नावाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "धणे? मग जिरंही घाला म्हणावं, आणि वरून फोडणी." तिला हे चेष्टेचं वाटलं, पण चव खरंच हलकी आणि लिंबाच्या सरबताच्या वळणाची आहे. हुगार्डन गावातला या बिअरचा शेवटचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला होता. पियेर सेलिस नावाचा दूधवाला लहानपणी तिथं कामाला मदत करायचा. त्यानं १९६० च्या दशकात ती आठवणीतून पुन्हा सुरू केली. तीही ग्लासात गढूळच हवी. बिअर न पिणाऱ्याला पहिल्यांदा काही द्यायचं असेल तर मी हीच देईन.

ओर्वालवर मात्र मी अडकलो. मठातली बिअर, ६.२ टक्के, बाटली स्किटलच्या खेळातल्या खुंटीसारखी, मान लांब आणि पोट फुगीर. बाटलीत भरताना तिच्यात एक रानटी यीस्ट टाकतात, ब्रेटानोमायसिस. ते बाटलीत महिनोन्‌महिने हळूहळू उरलेली साखर खात बसतं. म्हणून लेबलवर भरल्याची तारीख छापलेली असते. ब्रसेल्समधल्या एका छोट्या दुकानात मालकानं मला दोन बाटल्या दिल्या, एक दोन महिन्यांची आणि एक जवळजवळ वर्षाची. न्युरेंबर्गला येऊन दोन्ही एकाच रात्री उघडल्या, १२ अंशांवर. नवीन : हॉप्सचा ताजा, हिरवा वास, कडू, थोडी अंगावर येणारी. जुनी : कडवटपणा बसलेला, गोडवा जवळजवळ शून्य, आणि वास गोठ्याचा. घाणेरडा नव्हे. सकाळी धार काढून झाल्यावर वैरण टाकतात तेव्हा जो उबदार, कोरडा वास येतो, तो. माझं आजोळ मिरजेजवळ, म्हशी होत्या. मी डोळे मिटून दोन मिनिटं नुसता हुंगत बसलो. दुसरा नंबर जुन्या ओर्वालचा. ज्याच्या लहानपणात गोठा नाही त्याला कदाचित ही बिअर खराब झालीय असंच वाटेल.

वेस्टमाले ट्रिपेल, ९.५ टक्के, दिसायला लिंबू सरबत. बसून प्या, उठायची घाई करू नका.

गिनेस या काळ्या बिअरसाठी डब्लिनला स्वस्तातल्या विमानानं गेलो. आर्थर गिनेसनं १७५९ मध्ये ती जागा ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली, वर्षाला ४५ पौंड. पुण्यातल्या पागडीवाल्या भाडेकरूंनाही लाजवेल असा करार. काळी म्हणजे जड आणि चढणारी, हा समज साफ चुकीचा. ४.२ टक्के, म्हणजे किंगफिशर प्रीमियमपेक्षाही कमी. काळेपणा करपूस भाजलेल्या सातूचा, वरच्या फेसाची साय नायट्रोजनची. ओतल्यावर कडेचे बुडबुडे खाली जाताना दिसतात आणि माणूस बघतच बसतो. डब्लिनमध्ये उत्तम, कॅनमधली ठीक.

मेक्सिकोची कोरोना वहीत आहे, कारण तिच्यामुळे एक प्रयोग सुचला. पारदर्शक बाटली, तोंडाशी लिंबाची फोड. मग लिंबू कशाला, याचा शोध घेताना कळलं की हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की त्यातून एक गंधकाचं संयुग तयार होतं. तपकिरी काच ऊन बरंच अडवते, हिरवी कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. नाव न सांगता लिहितो : हिरव्या बाटलीतल्या एकाच बिअरच्या दोन बाटल्या आणल्या, एक कपाटात, एक दुपारभर बाल्कनीत उन्हात. संध्याकाळी दोन्ही ८ अंशांवर आणून उघडल्या. कपाटातली व्यवस्थित. बाल्कनीतलीला चिरडलेला लसूण आणि जळकं रबर यांच्या मधला वास. हा वास मला ओळखीचा होता! कित्येक वर्षं मी त्याला 'इंपोर्टेड बिअरची चव' समजत होतो.

परत आल्यावर पुण्यातल्या एका दुकानातून बव्हेरियाची तीच गव्हाची बिअर घेतली, चौपट-पाचपट किमतीला. ओल्या पुठ्ठ्याची चव. शिकरणाचा मागमूस नाही. लेबल बघितलं तर मुदत संपायला तीन आठवडे होते, म्हणजे कायद्यानं चोख. पण मधले महिने ती कुठल्या गोदामात, किती अंशांत उभी होती देव जाणे. दुकानदाराला म्हटलं तर तो म्हणाला, "साहेब, फ्रीजमधलीच दिली की." बरोबर आहे, कालच ठेवली असेल. तेव्हापासून दूरची बाटली घ्यायची सोडली आहे. त्यापेक्षा इथल्या इथं काढलेली बरी. पुण्यात २००९ मध्ये डूलाली हे जागेवरच बिअर काढणारं ठिकाण सुरू झालं, आणि आता शहरात ताजी बिअर देणारी बरीच ठिकाणं आहेत. बव्हेरियाच्या तोडीची नाही म्हणणार कुणी, पण पंधरा दिवसांपूर्वी पिंपात होती. चवीत ते कळतं.

किंगफिशरवर अन्याय करायचा नाही. एप्रिलच्या दुपारी, ३९ अंशांत, परमिट रूममध्ये थर्मामीटर लावला तर ३ अंश. त्या वेळी मला पावाची कड, लवंग, गोठा, काहीही नको होतं.

राहिले मामा. मिरजेचे, वय बासष्ट, आयुष्यभर स्ट्राँग पिणारे. आपल्याकडे ५ टक्क्यांच्या पुढची ती स्ट्राँग, ८ पर्यंत जाते. मी प्रत्येक बिअरचा फोटो पाठवला की त्यांचा एकच प्रश्न यायचा, "चढती का ते सांग." येताना ड्यूटी फ्रीच्या दोन लिटरांत बसणाऱ्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणल्या होत्या, त्यातली एक पिल्सनर त्यांच्यासाठी. गेलो, ८ अंशांवर आणली. उघडल्याबरोबर मामांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि पाण्यानं भरलेल्या ग्लासात उलटी धरली. बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात अशी त्यांची समजूत, ते काढायला. पिवळसर धार पाण्यात खाली उतरायला लागली.

"बघ, हितं पण घालत्यात."

मी सांगितलं की ते ग्लिसरीन नाही, बिअरच आहे. तिच्यात न आंबलेली थोडी साखर उरते, म्हणून ती पाण्यापेक्षा किंचित जड असते आणि खाली बसते. मामांनी ऐकून घेतलं, धार संपेपर्यंत बाटली काही सरळ केली नाही. मग उरलेली स्टीलच्या पेल्यात ओतली, एक घोट घेतला, लेबल चष्म्याजवळ नेलं.

"चार पूर्णांक चार?"

"हो."

"एवढ्यासाठी इमानानं आणलीस?"

मग उठून फ्रीजमधून स्वतःची स्ट्राँग आणली, अर्धी पिल्सनरच्या पेल्यात ओतली, बोटानं ढवळली, आणि प्यायले. "आता जमलं बघ."

मला दिलेला घोट मी घेतला. वहीतली एकेचाळिसावी नोंद तीच आहे : पिल्सनर उर्केल अधिक मामांची स्ट्राँग, स्टीलचा पेला, तापमान मोजलं नाही.